मिस्त्रीची हलती पुली

त्याला सगळे मिस्त्री म्हणत. ‘जिमची मशीनं दुरुस्त करणारे’ असं लांबलचक म्हणत बसायला वेळ कुणाला आहे? केबल तुटली, बेअरिंग करकरायला लागलं, सीटचं रेक्झिन फाटलं, की मिस्त्रीला फोन. शहरातल्या बऱ्याच जिममध्ये त्याची ये-जा होती. स्वतः मात्र गड्यानं जन्मात व्यायाम केला नव्हता. डंबेल उचललंच तर त्याच्याखालची धूळ झाडायला.

आणि माणूस महाचौकस. घरात नवा पंखा आणला तर आधी तो खोलून बघणार, मग लावणार. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला, की बसायच्या आधी दाराची बिजागरी हलवून बघणार. एकदा डॉक्टरनं गुडघ्यासाठी गोळी दिली, तर ‘ही गोळी नेमकी गुडघ्यातच कशी जाते, तिला पत्ता कोण सांगतं?’ असं विचारून त्या बिचाऱ्याचं असं काही डोकं खाल्लं, की बाहेरचे पेशंट उठून घरी गेले. त्याची बायको दवाखान्याच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची. ती म्हणायची, यांच्याशी बोलायचं म्हणजे पोलीस चौकीत जबाब दिल्यासारखं वाटतं.

पण हा सगळा चौकसपणा वस्तूंपुरता, बरं का. बोल्ट खोलला की आतलं दिसतं. माणसाला बोल्ट नसतात, म्हणून मिस्त्री माणसांच्या वाटेला फारसा जात नसे.

त्याच्या कामाच्या जिमपैकी एक होती तळघरातली. उतरायला अरुंद जिना, खाली तिन्ही भिंतींना आरसे, पायाखाली काळं रबर आणि हवेत घाम नि लोखंड यांचा मिळून जो काही वास होतो तो. वर होतं काचसामानाचं दुकान. आता तळघरात जिम आणि डोक्यावर काचसामान ही अक्कल कुणाची, ते विचारू नका. तिथल्या लॅट मशीनवरून रोज कटकट व्हायची. लॅट मशीन म्हणजे काय, तर बाकावर बसायचं, मांड्या गादीखाली अडकवायच्या आणि डोक्यावरची दांडी छातीपर्यंत ओढायची. दांडी खाली आली की समोर लोखंडी पाट्यांची चळत वर जाते. नीट खाली सोडायला हवी, पण आरशात बघणाऱ्या लोकांना सोडण्याचं कुठलं भान! चळत धाडकन आपटायची आणि वरच्या दुकानात फळ्यांवरचे पेले किणकिणायचे. एक दिवस दुकानाची बाई तडा गेलेलं काचेचं भांडं हातात धरून जिना उतरली. तळघर तिच्याच मालकीचं. जिमच्या मालकाची पाचावर धारण बसली.

मिस्त्रीनं त्यावर तोड काढली. चळतीच्या डोक्यावर एक हलती पुली बसवली, केबल तिच्याखालून फिरवून परत वर चौकटीला अडकवली. आता दांडी हातभर ओढली तर चळत वीतभरच उचलली जायची, आणि वीतभरावरून पडून आवाज तो कितीसा होणार? मात्र अंतर अर्धं झालं तसा भारही अर्धा झाला. पाटीवर साठ किलो लिहिलेलं असलं तरी हाताला लागायचे तीसच. मिस्त्रीनं मालकाला नीट समजावून सांगितलं, की आता आकडे निम्मे धरायचे, तसा एक कागद तिथं चिकटवा. मालक हो हो म्हणाला. कागद काही चिकटला नाही.

चिकटणार कसा? दुसऱ्याच दिवशी मेंबर लोक खूश. कालपर्यंत चाळिसाला हाशहुश करणारा माणूस आज सत्तर ओढून आरशात स्वतःलाच सलाम ठोकत होता. नव्या पुलीनं मशीन लोण्यासारखं झालंय, मिस्त्रीच्या हाताला गुण आहे, असं जो तो म्हणायला लागला. मालकाच्या तोंडातून मग खरं बाहेर पडणं शक्यच नव्हतं. मिस्त्रीलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. त्याच्या धंद्यात पाटीवरच्या आकड्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. प्रत्येक मशीनचं घर्षण वेगळं, पुल्या वेगळ्या. पाटीवरचा आकडा म्हणजे बसचा नंबर; त्यावरून बस किती जड आहे हे कुणी ठरवतं का?

ठरवणारी एक निघाली, आणि ती त्याच्याच घरात होती.

त्याची एकुलती एक मुलगी. उंचीनं बेताची म्हणून लहानपणी टिल्ली नाव पडलं ते कायमचंच. तिला सैन्यात जायचं होतं. का जायचं होतं, हे ज्या माणसानं गोळीला पत्ता विचारला त्यानं मुलीला कधी विचारलं नाही. लेखी परीक्षा तिनं सहज काढली. मैदानी चाचणीत पळणं झालं, वाळूची गोणी खांद्यावर घेऊन जाणं झालं, आणि पुलअपला घोडं अडलं. दांडीला लटकून हनुवटी दांडीच्या वर न्यायची, पाच वेळा. टिल्लीला एकही निघाला नाही, हात सरळ ते सरळच राहिले, आणि ती खाली उतरली.  आता एकच संधी उरली होती. ती गेली की वयाची मर्यादा उलटणार, आणि मग अर्ज करायचीसुद्धा सोय नाही.

म्हणून ती तळघरातल्या जिममध्ये जायला लागली. मालक मिस्त्रीच्या ओळखीचा, त्यानं जातीनं लक्ष घातलं. मालकाचं मत होतं, की मैदानात दांड्यांना लटकतात ती माकडं. अंगात ताकद भरायची तर ती मशीनवरच, मापात आणि पद्धतशीर. पुलअपचं काम करणारे स्नायू आणि लॅट मशीनचे स्नायू एकच, तेव्हा मशीनवर स्वतःच्या वजनाएवढं ओढायला लागलीस की दांडी आपोआप सर. हे ऐकायला इतकं पटणारं होतं, की टिल्लीनं दांडीकडे बघणंच सोडलं. तशीही जिममधली दांडी कोपऱ्यात टॉवेल वाळत घालायच्या कामाला लागली होती.

टिल्लीचे आकडे भराभर चढले. संध्याकाळी ती ते आईला सांगायची. आज चाळीस झाले, आज पन्नास, आणि एक दिवस साठ. तिचं स्वतःचं वजन चोपन्न. आईला त्यातलं काही कळत नव्हतं, पण पोरीच्या चेहऱ्यावर हसू आलंय म्हटल्यावर तिला तेवढं पुरे होतं. मिस्त्री तिथंच बसून चहा पीत असायचा. साठ हा आकडा त्याच्याही कानावर पडला होता. तो ‘वा’ म्हणाला होता.

चाचणीला साडेतीन महिने उरले असताना एका सकाळी टिल्लीनं दांडीवरचे टॉवेल काढले. मिस्त्री त्या दिवशी जिममध्येच होता, ट्रेडमिलचा पट्टा बसवत जमिनीवर आडवा पडला होता. टिल्लीनं उडी मारून दांडी पकडली. कोपरं जरा वाकली. मग पाय हवेत झाडले गेले, मान ताणली गेली, आणि ती होती तिथंच राहिली. खाली उतरून परत प्रयत्न केला, तो पहिल्यापेक्षाही वाईट. सगळी जिम आरशातून बघत होती. ती तडक लॅट मशीनवर जाऊन बसली, साठाच्या पाटीखाली पिन घातली, सात-आठ वेळा सरसर ओढलं, उठली आणि मिस्त्रीच्या डोक्याशी येऊन उभी राहिली.

“बाबा, माझं वजन चोपन्न आहे. मी साठ ओढते. मग मला स्वतःला का ओढता येत नाही?”

असा प्रश्न म्हणजे मिस्त्रीचा जीव की प्राण. चेहरा उजळला त्याचा. उठून बसला, रबरावरच्या धुळीत बोटानं चित्र काढायला लागला. सोपं आहे गं, म्हणाला, तिथं हलती पुली आहे ना, ही बघ केबल अशी येते, इथं वळते, म्हणजे वजन दोन दोऱ्यांवर वाटलं जातं, त्यातली एक दोरी चौकट धरते आणि दुसरी तू. म्हणजे तू साठ ओढतच नाहीस, तू ओढतेस तीस. बाण काढून, आकडे घालून, अगदी रंगात येऊन तो सांगत होता. सांगता सांगता त्यानं वर बघितलं. पोरीचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

त्याचं बोट धुळीतच थांबलं.

संध्याकाळी मिस्त्री घरी आला. आई नुकतीच कामावरून येऊन गरम पाण्यात पाय सोडून बसली होती. टिल्ली तिच्यासमोरच म्हणाली, “मी साठ म्हणाले तेव्हा तुम्ही वा म्हणालात.”

मिस्त्री म्हणाला, माझ्या लक्षात आलं नाही. खरंच नाही आलं. आम्ही मशीनवाले आकडा धरतच नाही.

“ज्या माणसाला शेजारच्या घरातला नळ गळतो तेसुद्धा भिंतीतून कळतं, त्याच्या हे लक्षात आलं नाही?” तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. “लक्षात आलं नाही, की मी जाऊ नये असं वाटत होतं? नक्की काय ते सांगा.”

मिस्त्रीनं तोंड उघडलं. उत्तर असेल म्हणूनच उघडलं होतं. बायकोही पाण्यातले पाय न हलवता त्याच्याकडे बघत होती.

“माहीत नाही,” तो म्हणाला.

हेच खरं होतं, आणि खोट्यापेक्षा वाईट होतं. टिल्ली उठून आत गेली. दुसऱ्या दिवसापासून तिनं जिम सोडली.

इकडे मिस्त्रीनं सकाळी सकाळी जाऊन हलती पुली काढून टाकली. मालकानं हातापाया पडून बघितलं, पण हा ऐकेना. मग काय विचारता! दोन दिवसांत सगळ्या जिमची ताकद निम्म्यावर आली. मशीन जाम झालंय, मिस्त्रीनं वाट लावली, अशी बोंब उठली. वरची बाई आणखी एक तडकलेलं भांडं घेऊन खाली आली. मिस्त्रीला यातल्या कशाचं सोयरसुतक नव्हतं. त्याला दुसराच किडा चावला होता.

झालं होतं असं, की पुली काढल्यावर त्यानं उत्सुकतेपोटी स्वतःच मशीनवर बसून बघितलं. जन्मभर पान्हे पिळलेले हात. स्वतःच्या वजनापेक्षा थोड्या कमी आकड्याला पिन घालून त्यानं एकदा का होईना, पण दांडी छातीला टेकवली. आता खऱ्या वजनाचं खरं मशीन. म्हणजे टॉवेलवाल्या दांडीवर निदान बऱ्यापैकी वर जायला हवं की नाही? गेला आणि लटकला. वर जायचं राहू द्या, त्याला साधं स्थिर राहता येईना. पाय एकीकडे, कंबर दुसरीकडे, आणि मधल्या मधे तो वाळत घातलेल्या पँटसारखा गोल फिरायला लागला. बोटं सुटून खाली आला तो सरळ बसकण मारून. जिमनं हसून घेतलं. मिस्त्री मात्र जमिनीवर बसल्या बसल्या दांडीकडे टक लावून बघत होता. पुलीचं खोटं तर काढून टाकलं होतं, मग दांडीवर ताकद कुठं गेली?

आठवडाभर त्याला दुसरं काही सुचेना. मशीनवर मांड्या गादीनं जखडलेल्या असतात, बूड बाकावर असतं; शरीराचा बराचसा भाग फुकट बसून असतो. दांडीवर तसं नाही. तिथं पायाच्या अंगठ्यापर्यंत सगळ्यांना कामाला लागावं लागतं, नाहीतर ते झोके घेतात आणि त्यांना आवरण्यातच अर्धी ताकद जाते. शिवाय पंजा. मशीनवर हात दमले तर सोडून द्यायचं. इथं पाठ शाबूत असली तरी पंजा आधी दगा देतो. हे सगळं त्यानं स्वतः लटकून लटकून शोधलं. खांदे इतके धरले, की बायकोला त्याच्या शर्टाची बटणं लावून द्यावी लागत. तिनं एकदाच विचारलं, पोरीला हे सांगितलंत का? नव्हतं सांगितलं. पोरगी त्याच्याशी ‘हो’ आणि ‘नाही’ याच्यापलीकडे बोलत नव्हती.

टिल्ली आता मुलांच्या बागेतल्या दांडीवर सराव करायची. जोर काढायची, बैठका मारायची, जिने पळायची. पुलअप काही जमत नव्हता. ती बाकावर चढून हनुवटी दांडीवर न्यायची आणि तिथून सावकाश, दात-ओठ खाऊन, खाली उतरायची. एका सकाळी मिस्त्री बागेच्या कडेला उभा राहून बघत होता. बघता बघता त्याच्या तोंडून निघून गेलं: “खाली येताना तू सगळं वजन पेलतेस. मग वर जाताना नेमकं कुठं अडतं?”

टिल्लीनं मान वळवली. रागावलेल्या माणसालासुद्धा खरा प्रश्न विचारला तर तो विचार करतोच. तळाशी, ती म्हणाली. हात सरळ असताना. तिथून पहिली वीतभर हलतच नाही. ती निघाली तर पुढचं होईल.

मग मिस्त्रीनं गच्चीवर मांडामांड केली. पाण्याच्या टाकीखाली लोखंडी चौकट होती, तिला दांडी ठोकली. कमरेला बांधायचा एक जाड पट्टा घेतला, त्याला केबल, केबल दोन पुल्यांवरून पलीकडे, आणि पलीकडच्या टोकाला वाळूची पिशवी. माणूस दांडीला लटकला की वाळू त्याला वर ओढणार. जेवढी वाळू, तेवढं माणसाचं वजन कमी. शरीर पूर्ण लटकलेलं, पाय मोकळे, सगळं अस्सल पुलअपचं, फक्त भार थोडा उधारीवर. वाळू हळूहळू काढत जायची. हे मशीन म्हणायचं की नुसतं शरीर, यावर मालकानं नंतर बराच वाद घातला, पण त्याचं त्यालाही ठरवता आलं नाही.

टिल्ली गच्चीवर आली, चारी बाजूंनी फिरून बघितलं. “यात हलती आहे का?”

“नाही. दोन्ही जागच्या जागी आहेत. किलोला किलो.”

तिनं खाली जाऊन वजनकाटा आणला आणि पिशवी स्वतः तोलून बघितली. मग म्हणाली, की वाळू घालणार मी, काढणार मी. तुम्ही पिशवीला हात लावायचा नाही. मिस्त्रीनं मान डोलावली. चूक केली होती, ऐकून घेणं भाग होतं.

असं ते सुरू झालं. रोज पहाटे ती गच्चीवर, आणि काढलेली वाळू रंगाच्या एका रिकाम्या डब्यात. आधी भरगच्च असलेली पिशवी महिन्याभरात पोट आत घेतल्यासारखी दिसायला लागली. मिस्त्री लांबून बघायचा आणि प्रश्न विचारायचा. आधी कुठलं बोट सुटतं? श्वास कधी सोडतेस? ती उत्तरं द्यायची, तेवढ्यापुरतीच. मधे एकदा गोणी घेऊन पळायचा सराव केला, तर कंबर आणि मांड्या पार ढिल्या पडलेल्या. जिम सोडल्यापासून जड असं काही उचललंच नव्हतं. तेव्हा ती मुकाट्यानं तळघरात परत गेली, पण थेट लोखंडी बारकडे, ज्याच्या वजनात कुणाला पुली घालता येत नाही. मालकाला वाटलं आपण जिंकलो. टिल्लीला हार-जीत बघायला फुरसत नव्हती. पुलअप गच्चीवर आणि गोणीची ताकद तळघरात, असं तिनं आपलं आपण वाटून टाकलं.

आणि मग वाळू अडली. पिशवीत थोडीशीच राहिली होती, पण ती काही केल्या निघेना. मूठभर काढली की पाचवा पुलअप अर्ध्यात लटकायचा. दोन आठवडे गेले. तळहाताच्या गाठी फुटल्या, पट्ट्या बांधून सराव चालू. एका पहाटे मिस्त्री जिना चढत होता तर वरून हुंदका ऐकू आला. तो तिथंच पायरीवर थांबला आणि आवाज न करता परत खाली उतरला. दिवसभर त्याचं कामात लक्ष लागलं नाही. एका सायकलला पेडल उलटं बसवलं.

दुपारी तो पुल्यांना तेल घालायला म्हणून गच्चीवर गेला. पिशवी लटकत होती, शेजारी वाळूचा डबा. तेल घालून झालं. मग त्याच्या हातानं डब्यातली मूठभर वाळू उचलली.

मूठभरच. एवढ्यानं काट्यावर कितीसा फरक पडणार? पोरीचा उद्याचा पाचवा निघेल, हसेल तरी, निदान हात सोलायचे थांबतील. मूठ पिशवीच्या तोंडापर्यंत गेली, आणि जन्माची सवय आडवी आली. हा हात इथं का आलाय? त्यानं स्वतःलाच विचारलं, जसं एखाद्या बिघडलेल्या मशीनला विचारावं. तिचे हात सोलतात म्हणून? ते होतंच. पण त्याच्याखाली आणखी एक होतं, आणि तेही त्याला दिसलं. ती चाचणीपर्यंत खुशीत राहील. चाचणीत पडेल. मग घरीच राहील.

मिस्त्री टाकीला टेकून खाली बसला. ‘साठ’ ऐकून ‘वा’ म्हणताना हेच आत होतं का? असणार. केबल कुठून कुठं जाते हे ज्याला डोळे मिटून दिसायचं, त्याला हे एवढं जवळचं दिसलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली, अगदी कान गरम होईपर्यंत.

तो तसाच बसलेला असताना टिल्ली वर आली. त्याच्या हाताला लागलेली वाळू तिनं बघितली. मग पिशवीकडे बघितलं.

“टाकलीत?”

“नाही. टाकणार होतो.” त्यानं तळहात पुढं करून दाखवला. “तू विचारलं होतंस ना मला. तेव्हा खरंच माहीत नव्हतं. आज कळलं. तू जायला नको आहेस मला. घर खायला उठेल. म्हणून ‘वा’ म्हणालो असेन. मशीनचं कारण सांगितलं ते उगाच.”

 टिल्लीनं पिशवी सोडवली, वजनकाट्याला अडकवली आणि आकडा बघितला. जेवढी तिनं ठेवली होती तेवढीच होती. मिस्त्रीला ते लागलं, पण तोलून बघू नकोस म्हणायचं तोंड त्याला राहिलं नव्हतं.

पिशवी परत लावून ती त्याच्यासमोर उकिडवी बसली. किती तरी दिवसांनी तिनं त्याच्याकडे सरळ बघितलं.

“मग आता वाळू तुम्ही काढायची,” ती म्हणाली. “मी सांगेन तेव्हा, मी सांगेन तेवढी.”

ही शिक्षा होती की विश्वास, ते मिस्त्रीला कळलं नाही, आणि विचारायचा धीरही झाला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ती दांडीखाली उभी राहून म्हणाली, एक मूठ. त्यानं काढली. चौथ्याला ती थरथरली, पाचव्याला अडकली. त्याला वाटलं परत टाक म्हणेल. ती म्हणाली, राहू दे. परवा म्हणाली, आणखी एक. हात पिशवीत घालताना दर वेळी त्याला कमी घ्यावीशी वाटायची आणि दर वेळी तो मूठ भरून बाहेर काढायचा. पुढं पुढं दोघं बोलायलाही लागले, कोपर कुठल्या दिशेला जातं, आधी खांदे खाली ओढले तर तळाची वीतभर सुटते का, असलं काहीबाही. सुटत होती. एका सकाळी त्यानं पिशवी उलटी करून झाडली. टिल्लीनं पट्टा सोडला, दांडी पकडली आणि पाच काढले. पाचवा कसाबसा. खाली आल्यावर तिनं रिकामी पिशवी घडी करून डब्यात टाकली, आणि आईनं खालून दोनदा हाक मारली तेव्हा दोघं जिना उतरले.

चाचणीच्या दिवशी आईला सुट्टी मिळाली नाही. मैदानाला तारेची जाळी होती आणि घरच्यांना जाळीच्या बाहेरच उभं करत होते. या वेळी पुलअप आधी ठेवले होते. टिल्लीचा नंबर आला. आजूबाजूचे आई-बाप आपापल्या लेकरांसाठी ओरडत होते. मिस्त्री जाळीत बोटं अडकवून मोजत होता. पहिला झाला. दुसरा झाला. तिसऱ्याला पाय जरा हलले, तिनं ते आवळून धरले. चौथा जड गेला. पाचव्याला ती अर्ध्यात थांबली, दांडी कपाळाच्या रेषेत, हात थरथरतायत, शेजारी तपासनीस मान वर करून उभा. मिस्त्रीला साफ कळलं, की अजून मनाच्या एका कोपऱ्यात आपण खाली ये म्हणतोय. त्यानं तो कोपरा तसाच राहू दिला आणि तोंड उघडून ओरडला, इतक्या जोरात की शेजारची बाई दचकली: “खांदे खाली ओढ!”

हनुवटी दांडीच्या वर गेली.

पळणं झालं, गोणी झाली. दुपारी यादी वाचली गेली आणि टिल्लीचं नाव त्यात होतं. ती फाटकातून बाहेर आली तेव्हा अंगभर धूळ होती, आणि पट्ट्या सुटून तळहाताला चिकटल्या होत्या. मिस्त्री तिच्यासाठी पाण्याची बाटली घेऊन उभा होता. ती घटाघट पाणी प्यायली, उरलेलं तिनं तोंडावर मारलं. त्यानं आतलं काहीच विचारलं नाही, दांडी किती जाड होती तेही नाही.

“बाबा, तुम्ही गप्प का?” तिनं विचारलं.

“कधी निघायचंय?” तो म्हणाला, आणि ती उत्तर देण्याआधीच त्याला रडू फुटलं. टिल्लीनं बाटली खाली ठेवली आणि सोललेल्या हातांनी त्याला धरलं. पुढच्या महिन्यात, ती म्हणाली. मग दोघंही बराच वेळ फाटकापाशीच उभे राहिले, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वाटेत.